बातमीतील वारसा आणि शिलालेखांचे वाचन

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील गाव. 19 जानेवारी 2024 रोजी या गावाचे नाव देशभरातील वर्तमानपत्रांत आले. येथील रे नगर या 30,000 घरांच्या कामगार वसाहतीपैकी 15,000 घरांचे लोकार्पण त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा कष्टकऱ्यांची ही वसाहत आहे. त्यापूर्वी 2006 मध्ये गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 विडी कामगारांची वसाहत येथेच उभी राहिली, तेव्हाही कुंभारीचे नाव असेच गाजले होते. समारंभ संपला की बातमी ओसरते. तेथे राहावयास आलेल्या माणसांचा इतिहास त्यानंतर सुरू होतो.

याच परिसरातील काही उपासिकांच्या अभ्यासवर्गात प्रस्तुत लेखक रविवारी पालीचे प्राथमिक पाठ घेतो. 2025 च्या पावसाळ्यात एका उपासिकेने वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले. पिपरहवा येथील स्तूपातून निघालेली रत्ने भारतात परत आल्याची ती बातमी होती. अनेक वर्षे विड्या वळून ज्यांच्या बोटांची अग्रे कठीण झाली आहेत, अशा त्या भगिनीने ती पूर्ण वाचली होती. त्या म्हणाल्या, "सर, माणकं परत आली ते बरंच झालं. पण त्या डब्यावर काय लिहिलंय, ते यात कुठंच नाही की."

हा प्रश्न ऐकून प्रस्तुत लेखक क्षणभर निरुत्तर झाला. आपल्या वारशाविषयी आज जे काही छापून येते, त्यातील नेमकी उणीव या एका वाक्यात सांगितली गेली होती. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख होय.

बातमी काय सांगते?

गेल्या काही वर्षांत बुद्धाचा, धम्माचा आणि पाली भाषेचा उल्लेख वर्तमानपत्रांत वारंवार झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या 5 भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात, 17 ऑक्टोबर रोजी, दिल्ली येथे अभिधम्म दिन शासकीय स्तरावर साजरा झाला. 12 फेब्रुवारी 2025 पासून बोधगया येथे महाबोधी महाविहाराच्या प्रश्नावर भिक्षू आणि उपासकांनी आंदोलन सुरू केले. मे 2025 मध्ये पिपरहवाच्या रत्नांचा लिलाव हाँगकाँग येथे होऊ घातला, आणि 30 जुलै 2025 रोजी ती रत्ने भारतात परत आली.

या सर्व बातम्या महत्त्वाच्या आहेत यात संशय नाही. तथापि त्या बारकाईने पाहिल्या असता असे दिसून येते की, त्यांत प्रामुख्याने तीनच गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली, वस्तूचे मूल्य किती. दुसरी, तिच्यावर ताबा कोणाचा. आणि तिसरी, तिला कोणता दर्जा मिळाला. यांपैकी ताब्याचा प्रश्न गौण आहे असे कोणीही समजू नये. बोधगयेच्या 1949 च्या अधिनियमानुसार महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत 4 बौद्ध आणि 4 हिंदू सदस्य असतात, तर जिल्हादंडाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. जगातील बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थळाचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती असावे, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु ताबा मिळाल्याने ज्ञान मिळतेच असे नाही. कोरलेली वस्तू आपल्या घरात असूनही तिच्यावरील अक्षरे आपणांस वाचता येत नसतील, तर ती काय सांगते हे दुसरा कोणी ठरवितो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पिपरहवाची कुपी

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. पिपरहवा हे उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेलगत असलेले गाव. जानेवारी 1898 मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या जमीनदार इंग्रजाने तेथील विटांचा स्तूप खणला. आत एक मोठी दगडी पेटी निघाली आणि तिच्यात 5 कुप्या होत्या. त्यांपैकी एक स्फटिकाची व इतर शंखजिऱ्याच्या मऊ दगडाच्या होत्या. अस्थींचे अवशेष आणि त्यांसोबत अर्पण केलेली असंख्य लहान रत्ने, मणी व सोन्याचे पत्रे त्यांत मिळाले. तत्कालीन ब्रिटिश सरकारने अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि काही पेपे यांच्याकडे राहिली. त्यांच्या वंशजांकडील या वाट्याचाच लिलाव 7 मे 2025 रोजी व्हावयाचा होता. सुमारे 10 कोटी हाँगकाँग डॉलर एवढी किंमत येईल, असे त्या वेळी छापून आले. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावल्यावर लिलाव थांबला, आणि पुढे एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ही रत्ने स्वदेशी आली.

यांपैकी एका कुपीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत एक ओळ वर्तुळाकार कोरलेली आहे. ती अशी : सुकितिभतिनं सभगिनिकनं सपुतदलनं इयं सलिलनिधने बुधस भगवते सकियनं.

संस्कृत शिकलेला वाचक येथे 'सलिल' या शब्दावर अडतो. संस्कृतात सलिल म्हणजे पाणी. मग 'सलिलनिधने' म्हणजे पाण्याचा साठा असा विचित्र अर्थ तो काढील. परंतु ज्याला अशोकाच्या पूर्वेकडील लेखांची भाषा ठाऊक आहे, त्याच्या लगेच लक्षात येते की, या बोलीत 'र'चा 'ल' होतो. तेथे राजा 'लाजा' होतो. त्याच नियमाने 'सलिल' म्हणजे शरीर, आणि 'सपुतदलनं'मधील 'दल' म्हणजे दारा, अर्थात पत्नी. लेखात दीर्घ स्वर दाखविलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. तेव्हा या ओळीचा सर्वसामान्यपणे मान्य असलेला अर्थ असा होतो : 'शाक्य भगवान बुद्धांच्या शरीरधातूंचे हे निधान सुकीर्तीच्या बंधूंचे, त्यांच्या भगिनी, पुत्र आणि पत्नी यांच्यासह, दान होय.'

याविषयी विद्वानांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. लेख वर्तुळाकार असल्याने त्याचा प्रारंभ कोणत्या शब्दापासून धरावयाचा, यावर वाद झाला. शेवटची अक्षरे ओळीत न मावल्याने वरच्या बाजूस कोरलेली आहेत, या खुणेवरून तो वाद बराचसा मिटला. फ्लीट या संशोधकाने मात्र 'हे अवशेष बुद्धांच्या शाक्य आप्तांचे आहेत' असा निराळा अर्थ सुचविला होता. कोणत्या अर्थाला अधिक आधार आहे हे मूळ अक्षरे, विभक्ती आणि बोलीचे नियम पाहूनच ठरते. विभक्तिप्रत्यय ओळखता येत नसेल, तर या चर्चेत आपल्याला केवळ श्रोत्याची जागा मिळते.

या लेखात ज्या कुटुंबाने दान दिले, त्यातील बहिणींचा निराळा उल्लेख आहे. भाऊ, बहिणी, मुले आणि पत्नी या सर्वांनी मिळून हे निधान केले. त्या रत्नांना अर्थ आहे तो या श्रद्धेमुळे. लिलावाच्या बोलीत तिला स्थान नव्हते; स्वागताच्या बातमीतही ती क्वचितच आली.

भीमेच्या काठी

पिपरहवा आपणांपासून दूर आहे. पण वाचनाचा हा प्रश्न आपल्या तालुक्यातही आहे. कुंभारीच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तेथील संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इ. स. 1018 चा एक शिलालेख असून त्याची शेवटची ओळ मराठीत आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या परिश्रमांमुळे हा लेख अभ्यासकांसमोर आला. कालाचा उल्लेख असलेल्या आद्य मराठी लेखांत त्याची गणना होते. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील लेखाचा काल आणि श्रवणबेळगोळच्या लेखाचा काल यांविषयी अभ्यासकांत मतभेद असल्याने, कुडलच्या लेखाचे महत्त्व विशेष मानले जाते. प्रतिवर्षी मराठी भाषा दिन जवळ आला की, 'मराठीचा पहिला शिलालेख सोलापूर जिल्ह्यात' अशी बातमी येते. अभिजात दर्जाच्या निर्णयानंतर ती पुन्हा आली.

त्या ओळीत काय लिहिले आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ती ओळ 'वाछितो विजेया होइवा' अशी वाचली जाते. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ होतो. जुन्या दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्यास शाप दिलेला आढळतो. येथे वाचणाऱ्यास आशीर्वाद आहे. ज्या दगडाने वाचणाऱ्यास विजयाचे वचन दिले, त्याची आपण प्रथम क्रमांकासाठी आठवण काढतो.

कुडलच्या संगमावरून भीमा पुढे कर्नाटकात जाते. तिच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यात, सन्नती हे गाव आहे. तेथील चंद्रलांबा देवस्थानाच्या आवारातील कालीमंदिराचे छत 1986 मध्ये कोसळले. पुढे दुरुस्तीच्या कामात असे आढळून आले की, देवीची मूर्ती ज्या शिळेवर बसविलेली होती ती सम्राट अशोकाच्या आदेशांची शिळा आहे. मूर्ती बसविण्यासाठी तिच्या मध्यभागी चौकोनी भोक पाडले गेले होते, आणि त्यात कित्येक अक्षरे नष्ट झाली. सन्नतीलगतच्या कनगनहळ्ळी येथे 1990 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि एक भव्य स्तूप उजेडात आणला. तेथील एका शिल्पपटावर राजा, राणी व परिवार असून त्याखाली ब्राह्मीत 'राया असोको' अशी नाममुद्रा आहे.

ही हकिकत ऐकून आपल्यापैकी अनेकांचे मन क्षुब्ध होते, आणि ते स्वाभाविक आहे. बौद्ध स्थळांचे रूपांतर कसे झाले याचे पुरावे महाराष्ट्रातही आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिर मूळचे विटांचे चैत्यगृह होय, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तथापि सन्नतीच्या शिळेबाबत अधिक खोल विचार करावयास हवा. ज्याने तिला भोक पाडले, त्याच्या काळी ती अक्षरे वाचू शकणारा मनुष्य त्या प्रदेशात उरला असेल असे दिसत नाही. ब्राह्मी लिपी विस्मृतीत गेली होती, आणि जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये तिचा उलगडा करेपर्यंत अशोकाचे शब्द त्याच्याच देशात मुके होते. स्तूप पाडला गेला तर त्याच्या विटा तरी राहतात. परंतु ज्या समाजातून वाचक नाहीसा होतो, तेथे उभा असलेला लेखही केवळ दगड होऊन राहतो.

त्या शिळेवर काय होते? तिच्या एका बाजूस अशोकाचा बारावा आदेश आहे. आपल्या पंथाची अवास्तव स्तुती व परक्या पंथाची निंदा करू नये, परस्परांचे विचार ऐकावेत, असे त्यात सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस दोन 'पृथक' आदेश आहेत. त्यांचा पाठ पूर्वी केवळ ओडिशातील धौली आणि जौगड येथून ज्ञात होता. 'सवे मुनिसे पजा ममा' हे प्रसिद्ध वचन याच आदेशांतील होय. मराठी वाचक येथे 'प्रजा' म्हणजे राजाच्या सत्तेखालील लोक असा अर्थ घेतो. पुढच्याच वाक्यात अशोक म्हणतो की, आपल्या मुलांचे जसे हित व सुख इच्छितो तसे सर्व माणसांचे इच्छितो. तेव्हा 'पजा' म्हणजे येथे लेकरे. हा एक शब्द नीट लावला की राजाज्ञेचे रूप पालटते.

याच आदेशांत आणखी एक सूचना आहे. हा लेख प्रत्येक तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा, आणि मधल्या काळातही प्रसंग येईल तेव्हा ऐकवावा. ऐकणारा एकटाच असला तरी त्यालाही ऐकवावा. लेख कोरून राजा थांबला नाही. त्याने वाचनाची व्यवस्था लावून दिली होती. एकट्या श्रोत्यासाठी वाचणाऱ्याची ती परंपरा तुटली, म्हणून पुढे शिळेला भोक पाडले गेले.

विणकर, सुतार, कुंभार

अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा त्याच उपासिकेने दुसरा प्रश्न विचारला. "राजांची नावं आहेत, ठीक. आमच्यासारख्यांचं नाव कुठल्या दगडावर आहे का?"

आहे. महाराष्ट्रातील लेण्यांचे लेख तर मुख्यतः अशाच नावांनी भरलेले आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील 'वढकि' सामि, वेणुवासाचा पुत्र, याचे नाव आहे. द्वाराचे काम त्याने केले. पालीतील 'वड्ढकि' म्हणजे सुतार, आणि आजचे 'बढई' व विदर्भातील 'वाढई' हे शब्द त्याच कुळातले. तेथेच सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचेही नाव आहे.

सोलापूर हे मागावर वाढलेले नगर. म्हणून नाशिकच्या दहाव्या लेण्यातील एक लेख येथील प्रत्येक विणकराच्या घरी ठाऊक असावयास हवा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने संघाला लेणे दिले आणि 3000 कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. लेखात त्यांना 'कोलिकनिकाय' म्हटले आहे. एका श्रेणीकडे 2000 कार्षापण होते आणि दरमहा शेकडा 1 व्याज ठरले होते. म्हणजे महिन्याला 20 आणि वर्षाला 240 कार्षापण. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. 20 गुणिले 12 म्हणजे बरोबर 240. दुसऱ्या श्रेणीकडील 1000 कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण टक्का व्याज होते. त्याचे वर्षाला 90 होतात, आणि ते भिक्षूंच्या अन्य किरकोळ गरजांसाठी होते. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही पै-पैशाने जुळतो.

या लेखातून काय सिद्ध होते? राजकुलातील माणसाला आपली ठेव सुरक्षित वाटली ती विणकरांच्या संघटनेत. त्या संघटनेची पत एवढी होती की, 'अक्षय' हा शब्द तिच्या भरवशावर दगडात कोरला गेला. व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवून फलकावर नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे. आपल्या भाषेत जाळे विणणाऱ्या कीटकाला आपण 'कोळी' म्हणतो. त्या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ विणकरवाचक 'कोलिक' या शब्दाशीच जोडतात.

नाशिक येथेच आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. चार प्रत्ययांतील 'गिलानपच्चयभेसज्ज' आपण पाठांत ऐकतो. या लेखात 'गिलानभेसज' हा शब्द प्रत्यक्ष आढळतो. ज्या श्रेणींकडे ठेव ठेवली त्यांत तेल गाळणारे आहेत, पाण्याची यंत्रे करणारे आहेत आणि 'कुलरिक' आहेत. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. आजाऱ्याच्या औषधाचा पैसा कुंभारांच्या हाती सुरक्षित आहे, असे एका परदेशी वंशाच्या स्त्रीला वाटले आणि तिने ते दगडावर लिहून ठेवले. कुंभारी या नावाच्या गावी बसून हा लेख शिकविताना वेगळे भाष्य करावे लागले नाही.

सातवाहनकालीन सर्वच लेख बौद्ध आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. नाणेघाटातील राणी नागनिकेचा प्राकृत लेख वैदिक यज्ञांची आणि त्यांतील दक्षिणांची लांबलचक यादी देतो. तोही याच भूमीचा इतिहास आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले म्हणजे, त्या काळी दान कोणाकडे, कशासाठी आणि कोणाच्या भरवशावर जात होते, हे आपोआप स्पष्ट होते. आपल्याला सोयीचे तेवढेच वाचणे हीसुद्धा निरक्षरताच होय.

दर्जा आणि अभ्यास

आता 3 ऑक्टोबर 2024 च्या निर्णयाकडे पुन्हा पाहू. 2004 मध्ये तमिळपासून सुरू झालेल्या या यादीत आज 11 भाषा आहेत. 2024 मध्ये निकष बदलण्यात आले आणि शिलालेखीय पुराव्याचा त्यांत स्पष्ट समावेश झाला. मराठीसाठी रंगनाथ पठारे समितीने 2013 मध्ये जो अहवाल दिला, त्यानेही नाणेघाटच्या लेखाचा आणि गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृताचा आधार घेतला होता. म्हणजे मराठीच्या प्राचीनतेचा दावा ज्या लेण्यांवर उभा आहे, त्यांची भाषा पालीच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. पाली, प्राकृत आणि मराठी यांना एकाच दिवशी हा मान मिळाला, याचे आपल्या प्रांतात विशेष अप्रूप वाटावयास हवे होते. पण मराठीचा उत्सव एका मंडपात आणि पालीचा दुसऱ्या मंडपात झाला. मराठीच्या व्यासपीठावर लेण्यांतील विणकर-सुतारांची नावे फारशी ऐकू आली नाहीत, आणि पालीच्या व्यासपीठावर मराठीचे नाते कोणी उलगडून सांगितले नाही.

दर्जाने अभ्यास आपोआप वाढत नाही, हेही अनुभवाने सिद्ध आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा वैकल्पिक विषय होता. 2013 मध्ये तो वगळण्यात आला. महाराष्ट्रातील अनेक बौद्ध विद्यार्थी तो विषय घेत असत. परीक्षेतून विषय गेला म्हणजे वर्गातून विद्यार्थी जातो, आणि विद्यार्थी गेला की अध्यापकाचे पद जाते. ज्या भाषेला 2024 मध्ये अभिजात म्हटले, तिचे दार 11 वर्षांपूर्वीच लोटले गेले होते. शासनाकडे या विषयाचा पाठपुरावा संघटितपणे झाला पाहिजे, यात दुमत असू नये.

परंतु सर्व भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. धर्मानंद कोसंबी गोव्यातील एका खेड्यातून निघाले ते नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी पायपीट करून पाली शिकले, आणि मराठी माणसासाठी बुद्धचरित्राची मूळ साधने त्यांनी मराठीत खुली केली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारण, संविधाननिर्मिती आणि आजारपण यांच्या रेट्यात पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या 16व्या खंडात हे काम 1998 मध्ये प्रकाशित केले. एवढ्या व्यापात त्या महामानवाने शब्दकोश का करावा? धम्माचे मूळ शब्द आपल्या लोकांनी स्वतः वाचावेत, मध्यस्थाची गरज उरू नये, हीच त्यामागील दृष्टी होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो खंड अनेक विहारांच्या कपाटात आहे. त्याच्या पानांना हात लागलेला मात्र क्वचित दिसतो.

यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. ब्राह्मीची मूळाक्षरे परिश्रमी विद्यार्थी काही आठवड्यांत शिकतो. लेण्यांचे दानलेख बहुधा एक-दोन ओळींचे असतात आणि त्यांत तेच तेच शब्द पुन्हा येतात : दान, पुत, उपासिका, लेण, पोढि. जेथे दर पौर्णिमेला वंदना होते, त्या प्रत्येक विहारात वंदनेनंतर एक दानलेख मुळातून वाचून त्याचा अर्थ सांगता येईल. वर्षभरात असे 12 लेख होतील. सहलीसाठी आपण लेण्यांवर जातो, त्या वेळी छायाचित्रासोबत तेथील एका लेखाचा पाठ घेऊन यावा. आणि वारशाची कोणतीही बातमी आली की, त्या वस्तूवर काय लिहिले आहे, कोणी लिहिले आणि ते कोणासाठी लिहिले, हे तीन प्रश्न आपण विचारावेत. वर्तमानपत्रात त्यांची उत्तरे नसतील तर ती शोधून संपादकांस कळवावीत.

पिपरहवाच्या कुपीवरील ओळ आम्ही त्यानंतरच्या रविवारी फळ्यावर लिहिली. प्रथम ब्राह्मीत आणि खाली नागरीत. मग नागरी ओळ पुसून टाकली आणि ज्याला जमेल त्याने वाचावे, असे सांगितले. कात्रण आणणाऱ्या त्या उपासिका उठून फळ्याशी आल्या. पहिले पद त्यांना लागले नाही. दुसऱ्या पदावर बोट ठेवून त्या अक्षर-अक्षर जुळवीत वाचू लागल्या : स, भ, गि, नि. मग मागे वळून वर्गाला म्हणाल्या, "भगिनी. बहिणींचं नाव आहे यात."

पुढील पाठ नाशिकच्या विणकरांच्या लेखाचा आहे.